बारा पूर्णांक सहा

नाही हो, कागद चुकलाय असं कुठे म्हणतेय मी? कागद देखणाच केलाय तुम्ही — पहिला दिवस पिवळा, दुसरा निळा, सासूबाईंच्या दुपारच्या झोपेला वेगळा गुलाबी रंग — सासूची एवढी बूज राखणारा जावई माझ्या पाहण्यात नाही, खोटं कशाला बोलू — पण हा कागद समुद्राला वाचून कोण दाखवणार? मी तर नाही. त्याच्याशी हुज्जत घालायचं माझं वय गेलं. बसा. उभ्याउभ्या होणारं काम नाही हे. ती नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. आवाज होय? खाली शिवणयंत्र आहे, शिडं शिवतात. होते सवय. आम्ही वर होड्यांची नावनोंदणी करतो, खाली त्यांचे कपडे शिवतो — घरचाच धंदा आहे, बाहेरचं माणूस एकच, तो नवा कप्तान, आणि तो आत्ता जेवायला गेलाय. साडेतीनला जेवायला. तरुण आहे, चालायचंच.

हं, तर बुधवार. म्हणजे आज सोमवार, उद्या सकाळी तुम्ही निघणार, आणि परवा, बुधवारी, सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण होणार, आणि दुपारचं जेवण उत्तरेच्या वाटीत. कळलं. वाटी म्हणजे ती खाडीच — तुमच्या छायाचित्रात आहे तीच — वाटीसारखी गोल आहे म्हणून आम्ही वाटी म्हणतो. तीन बाजूंनी कडा, खाली पांढरी वाळू, पाणी असं की नांगराची सावली तळाला दिसते. छायाचित्र खोटं नाहीये, मी स्वतः पाहिलंय तसं पाणी. पण ते काढलंय कधी? उन्हाळ्यात. आणि तुम्ही आलात कधी? हिवाळ्यात. एवढाच फरक, पण तो फरक तुमच्या कागदावर कुठल्याच रंगात नाही बघा.

थांबा, असं नाही कळायचं. हा कागददाब घ्या — हे बेट. आता वारा येतो तो इकडून, ईशान्येकडून. रोज. हिवाळ्यात जरा जास्तच, दहा वाजले की उठतो, तीनला अंगात येतो, सूर्य कलला की दमतो. म्हणजे बेटाची ही खालची बाजू, दक्षिणेची, ती आडोशाची. वाऱ्याचं काही नसतं हो. वारा घरचा आहे. त्याचा स्वभाव माहीत असतो, त्याच्या उठण्याबसण्याच्या वेळा माहीत असतात, कधी चिडेल ते आदल्या दिवशी ढग सांगतात. लाट घरची नाही. लाट पाहुणी आहे — आम्ही म्हणतोच तिला पाहुणी. हजार-दीड हजार मैलांवर, जिथे बर्फ पडतं तिथे, वादळ होतं, आपल्याला इथे त्याचा पत्ता नसतो — आणि तिथून निघालेली लाट दोन-तीन दिवसांनी उत्तरेच्या बाजूला येऊन दार ठोठावते. निरोप नाही, चिठ्ठी नाही. वर ऊन, वारा मंद, माणसं अंगाला तेल लावून पहुडलेली, आणि खालून पाणी हळूच उचललं जातं, हळूच खाली ठेवलं जातं. उंच नसते ती. उंच असती तर दिसली असती! लांब असते. आणि वाटीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकाची एक पायरी आहे — जवळजवळच्या लाटा तिच्यावरून निघून जातात, ही लांबलचक बाई मात्र तिथे अडखळते, उभी राहते आणि फुटते. सगळ्या तोंडभर. मग आत असलेला आतच.

म्हणून माझं ऐकणार असाल तर बुधवार सोडा. आधी इकडून, दक्षिणेच्या कडेनं, पूर्वेकडे चढा. वाऱ्याच्या तोंडावर जायचं ते अंगात ताकद आहे तोवर, पहिल्या तीन दिवसांत. तुम्ही उलटं केलंत — आधी वाऱ्याबरोबर मजेत जायचं आणि शेवटी दमल्यावर तोंडावर घ्यायचा — सगळे हेच करतात, आणि सहाव्या दिवशी बायको बोलेनाशी होते. सकाळी सहाला नांगर उचला, वारा झोपेत असतो तेव्हा, आणि दोनच्या आत पुढच्या ठिकाणी टाका. दोनच्या आत का? ऊन डोक्यावर असलं तरच तळ दिसतो. फिकट हिरवं ती वाळू, तिथे नांगर टाकायचा. तपकिरी ते प्रवाळ, तिथून लांब. गडद निळं म्हणजे खोल. ढग आला की सगळं एका रंगाचं, मग थांबायचं, ढगाला घाई नसते तर आपल्याला कशाला? पूर्वेच्या टोकाला पोचलात की एक दिवस बसा. दोन दिवस बसा. पाणी बघा. पाहुणी नसेल तर उत्तरेची बाजू वाऱ्याबरोबर घसरगुंडीसारखी उतरते, वाटीत जेवा, झोपा, गाणी म्हणा. असेल तर आल्या वाटेनं परत. परत यायची लाज कसली? आपण काय वरात घेऊन गेलो होतो? कागदावर तारीख लिहायची नसते हो, अट लिहायची असते. "पाहुणी नसेल तर वाटी." एवढं एक वाक्य. रंग तुम्हाला हवा तो द्या.

आता फोन. माहीत होतं फोन निघणार. दाखवा. — हं. बुधवारी सूर्याचं चित्र, वारा मंद. खरंच आहे ते. ऊन पडणारच आहे, वारा मंद असणारच आहे. तुमचा फोन आकाशाबद्दल सांगतोय, मी पाण्याबद्दल बोलतेय. पाण्याचं कळतं कसं? मोजून. त्या वह्या दिसतात ना, मागच्या फळीवर — एका हिवाळ्याची एक. सव्वीस आहेत. पहिल्या एकोणीस ह्यांच्या, माझ्या यजमानांच्या, पुढच्या सात माझ्या. रोज सकाळी सव्वासहाला धक्क्याच्या टोकाला, तिसऱ्या खांबापाशी उभं राहायचं, घड्याळ हातात, आणि लाटेच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत किती सेकंद जातात ते काढायचं. सात-आठ सेकंद म्हणजे घरच्या वाऱ्याची लाट, जा कुठे जायचं तिथे. दहा-अकरा म्हणजे जपून. तेराच्या वर गेलं की वाटी बंद. तेरा — हा आकडा ह्यांचा. एकोणीस वर्षं बघून बघून काढलेला, शाळा सातवीपर्यंत, पण आकडा असा की बंदरातले साहेबलोक विचारायला यायचे. हे अंगानं सडपातळ, बोलणं कमी, आणि अक्षर म्हणाल तर —

बघा ना, बघा, वहीला हात लावला म्हणून काही होत नाही. ती चौथी वही छान आहे, त्यात पावसाच्या सरीसुद्धा — नाही, ती नको. ती खालची, माझी तिसरी. ठेवा ती. ठेवा म्हणते ना.

रागावले नाही हो. थकलेय जरा. सकाळपासून तुम्ही पाचवे, आणि पाचही जणांना वाटीच हवी. वहीचं काय असतं, आपलं लिहिलेलं आपल्यालाच वाचवत नाही कधीकधी. अक्षर काही वाईट नाही माझं. चौकशीवाल्या साहेबांनी तर कौतुक केलं होतं — "बाई, इतक्या नीट नोंदी मी सरकारी कचेरीतसुद्धा पाहिल्या नाहीत" — आणि अहवालात लिहिलं, नोंदी व्यवस्थित. दोन शब्द. तुम्ही कधी कुणाच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकून जिना उतरताना कठडा धरलाय? मी धरलाय.

कसली चौकशी म्हणजे — झालं होतं एकदा. चार वर्षांपूर्वी. कुणी गेलं नाही, घाबरू नका, तुमच्या सासूबाईंना सांगू नका फक्त. नऊ पाहुणे होते बोटीवर, वाटीत दुपारी जेवण चाललं होतं, पाणी काचेसारखं, आणि पावणेतीनला पहिली लाट तोंडाशी फुटली. दुसरीनं नांगराची साखळी तोडली. तिसरीनं बोट उचलून खडकाच्या पायरीवर ठेवली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी — सुकाणू गेलं, एका शिक्षिकाबाईंच्या खांद्याचं हाड मोडलं. कप्तान दोर कमरेला बांधून पोहत किनाऱ्याला गेला, दोर झाडाला बांधला, आणि एकेकाला त्या दोरानं काढलं. नऊच्या नऊ. त्या शिक्षिकाबाई अजून पत्र पाठवतात त्यांना. ते उघडत नाहीत.

कोण म्हणजे? खाली यंत्रावर बसलेत ना, तेच. माझे दीर. भाऊजी. ह्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटे. तुम्ही आलात तेव्हा बघितलंत ना, निळा सदरा, चष्मा कपाळावर? बावीस वर्षं बोट चालवली त्यांनी. आता शिडांची झाकणं शिवतात. शिवणकाम उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण माणूस… कसं सांगू? बोट चार महिन्यांत दुरुस्त झाली, त्या माणसाचं नाही झालं. चौकशीत विचारलं, "तुम्हाला आधी काही लक्षण दिसलं नाही?" तर म्हणाले, "नाही दिसलं. माझी नजर चुकली." एवढंच. वहीचं नाव काढलं नाही. तेव्हापासून स्वतःच्या नजरेवर विश्वासच नाही. रस्ता ओलांडताना दुसऱ्याकडे बघतात, तो निघाला की हे निघतात. माझी जाऊ म्हणते, "वहिनी, घरात कप कुठे ठेवू तेपण मला विचारतात हो." आधी ती हसत सांगायची. हल्ली नुसतं सांगते.

वहीचं नाव कशाला काढायला हवं होतं? असं मी म्हटलं? हो. म्हटलं खरं.

तुम्ही उद्या निघून जाल. आठ दिवसांनी विमानात बसाल, मला विसराल. म्हणून म्हणत असेन. की दमलेय म्हणून? काय की. ह्यांना सहा वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नेमका हंगाम तोंडावर. आता लाटा कोण मोजणार? मी. एकोणीस वर्षं ह्यांच्या वह्यांना कव्हरं घालत होते, मोजलं कधीच नव्हतं — ज्याचं काम त्यानं करावं, आमच्या घरात तसंच होतं. अंथरुणाजवळ बसून ह्यांना विचारलं, "कसं मोजायचं हो?" तर त्यांनी डाव्या हाताची पाच बोटं दाखवली, मुठीत मिटली, परत पाच दाखवली. दहा. मी म्हटलं, "दहा लाटा मोजायच्या आणि दहाने भागायचं?" त्यांनी मान हलवली. बरोबरच होतं. दहाने भागायचं हे बरोबरच होतं! मी धक्क्यावर गेले, पहिला माथा खांबाला लागला, म्हटलं "एक", घड्याळ चालू. दोन, तीन — दहाव्याला घड्याळ बंद. दहाने भागलं. लिहिलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तीन हिवाळे तसंच. सहा हिवाळे तसंच.

तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय तुम्हाला कळलंय. तुम्ही कागदाचे माणूस, तुम्हाला लगेच कळणार. मला नाही कळलं. मला सहा वर्षांनी कळलं, तेही कशावरून — तर गेल्या हंगामात बंदरवाल्यांनी बाहेर समुद्रात एक पिवळा बोया सोडला, तरंगता, तो आपोआप लाटा मोजतो आणि आकडा फोनवर येतो. त्याचा आणि माझा आकडा जमेना. रोज माझा कमी. थोडाच, पण रोज कमी. मी काय केलं असेल? बंदराच्या साहेबांना पत्र लिहिलं — आपला बोया सदोष आहे, कृपया तपासून घ्यावा. दोन पानी पत्र, तारीखवार तक्त्यासकट! त्यांनी बिचाऱ्यांनी बोया वर काढून तपासला आणि नम्रपणे कळवलं की बोया ठीक आहे. मी तरी मानलं नाही. ह्यांची पद्धत चुकेल कशी? मग हंगाम संपला आणि एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दोरीवर नुसतेच चिमटे लावून ठेवले होते, दहा, आणि मध्ये एकेक रुमाल लावत गेले. रुमाल नऊ लागले. दहावा हातात राहिला. तो ओला रुमाल हातात धरून मी किती वेळ उभी होते विचारू नका, ब्लाउजवर पाणी गळून गळून गारठले. दहा चिमटे, मध्ये जागा नऊ. दहा लाटा, मधलं अंतर नऊ. पहिल्या माथ्याला "एक" म्हणायचंच नव्हतं. अकराव्या माथ्याला थांबायचं होतं.

पळत खाली आले आणि तिसरी वही काढली. त्या दिवसाचं पान. एकशे सव्वीस सेकंद. माझ्याच अक्षरात — भागिले दहा, बारा पूर्णांक सहा. खाली रेघ. आता नवाने भागा बरं. भागा ना, तोंडी. — हो. चौदा. तेराच्या वर वाटी बंद. चौदा.

त्याआधीचे दोन हिवाळे कसे निभावले? नशिबानं. तेरा-चौदाच्या मधलाच दिवस पडायला हवा ना घात व्हायला — कधी तो दिवस असा, की पाहुणे दुसरीकडे गेलेले; कधी वारा जास्त म्हणून बोट सोडलीच नाही. नशीब दोन वर्षं पुरलं. आणि ह्यांना विचारावं तर हे अपघाताच्या आधीच्या उन्हाळ्यात गेले. वाचा नव्हती, पण वही रोज दाखवायचे त्यांना, ते बघायचे, मान हलवायचे. भागाकार बघत असतील. मोजणं कसं बघणार, ते तर धक्क्यावर होतं.

हे एवढंच असतं ना, तर मी रडले असते आणि सांगून मोकळी झाले असते. एवढंच नाहीये. त्या सकाळी भाऊजी निघताना धक्क्यावर थांबले होते. दोर सोडला, परत बांधला. मला म्हणाले, "वहिनी, पाणी जड वाटतंय." अगदी हेच शब्द. मी काय म्हणायला हवं होतं? बावीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस म्हणतोय पाणी जड आहे. मी वही उघडून पुढे धरली. "बारा सहा आहे, भाऊजी. दादांचा तेराचा नियम." दादांचं नाव घेतलं मी, वर्ष झालं नव्हतं त्यांना जाऊन. त्यांनी आकड्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. म्हणाले, "वहीत आहे ना, मग झालं." आणि गेले.

म्हणजे त्यांची नजर चुकलीच नव्हती हो. तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी बरोबर होती. आणि तीच चुकली असं समजून तो माणूस चार वर्षं खाली बसून झाकणं शिवतोय. आणि मला कळून सहा महिने झालेत, आणि मी सातव्या वहीत अकराव्या माथ्यापर्यंत बरोबर मोजतेय. गुपचूप. कुणालाही न सांगता. शहाण्यासारखी.

का नाही सांगितलं? सोपं वाटतं तुम्हाला. रोज ठरवते. सकाळी वाटतं, जेवायच्या सुट्टीत सांगू. जेवायच्या सुट्टीत ते डबा उघडतात आणि मला पहिली पोळी देतात, "वहिनी, तुम्ही घ्या आधी" — मग कसं सांगू? काय म्हणतील ते? काहीच नाही म्हणणार, तीच तर भीती आहे. आणि दादांच्या वह्या. सव्वीस वह्यांवर ह्या घराचं नाव उभं आहे, त्यातल्या सहा खोट्या आहेत हे बाहेर गेलं तर — बघा, हेपण आहेच. हे पण लपवणार नाही मी आता. पाहुणे यायचे बंद होतील, ही भीती पण आहे. चांगली बाई नाही मी फार.

काय उचललंत ते? कागददाबाखालचं? तो… तो अर्ज आहे. सुकाणूच्या परवान्याचा, दर पाच वर्षांनी भरावा लागतो. भाऊजींचाच. वरचं सगळं मी भरलंय, सही नाही. समोरच्या कचेरीत आज पाचपर्यंत द्यायचा. आज शेवटचा दिवस. आजचा दिवस टळला तर परवाना रद्द — मग नव्यानं परीक्षा, आणि चोपन्नाव्या वर्षी ते परीक्षेला बसायचे नाहीत. सकाळी समोर ठेवला तर म्हणाले, "वहिनी, माझं नाव नका भरू. आंधळ्याच्या हाती सुकाणू कशाला?" विनोद केल्यासारखं म्हणाले. आणि खाली गेले. मी अर्ज कागददाबाखाली सरकवला आणि तुमच्यासारखे पाच जण आले त्यांना बेट म्हणून तोच कागददाब दाखवत बसले. किती वाजले? चार. हं.

तर असं आहे. तुम्हाला चहा पण विचारला नाही मी. बुधवारचं म्हणाल तर मी अजून बोया बघितला नाही, सकाळी अकरा सेकंद होते, दुपारचा आकडा बघून सांगते, तोवर तुम्ही — काय?

परत सांगा. कोण म्हणालं?

भाऊजी? तुम्हाला? कधी — वर येताना? तुम्ही विचारलंत की ते आपणहून? आपणहून. नीट सांगा हो, शब्द बदलू नका, काय म्हणाले ते तसंच सांगा. "उद्या संध्याकाळपासून पाहुणी येतेय, बुधवारी वाटीत जाऊ नका." आणि कशावरून म्हणाले? खिडकीतून — हो, त्यांच्या खिडकीतून धक्का दिसतो. बांधलेल्या होड्या. दोर ताणताहेत आणि सोडताहेत. सावकाश. वारा नसताना. आणि मग? मग म्हणाले, "पण वर सांगू नका, माझं काही खरं नसतं."

आणि तुम्ही नाही सांगितलंत. अर्धा तास माझ्यासमोर बसलात, वाटीचं ऐकलंत, आणि — जाऊ दे, तुमचा काय दोष, तुम्हाला ज्यानं सांगितलं त्यानंच सांगू नका म्हटलं. तरी म्हटलं एकदा फोन दाखवून झाल्यावर हा माणूस बुधवारासाठी पुढे भांडला कसा नाही.

थांबा. माझा चष्मा. तुमच्यासमोर आहे, द्या. बोया… दुपारी साडेतीन. उंची — वीतभर. काहीच नाही. दोन लाटांतलं अंतर — सतरा.

सतरा सेकंद.

वीतभर उंची आणि सतरा सेकंद म्हणजे कळतं का काय? ती निघालीय. पुढचे निरोपे येऊन पोचलेत, ती मागून येतेय. उद्या संध्याकाळी. बरोबर उद्या संध्याकाळी. मी आज सकाळी सव्वासहाला मोजलं तेव्हा काही नव्हतं, अकरा होते, अगदी नीट मोजले मी — आणि ह्या माणसानं यंत्रावर बसून, दोरा ओवता ओवता, नुसतं खिडकीतून बघून… आणि म्हणतो माझं काही खरं नसतं.

बुधवारचं मिटलं तुमचं. उद्या निघा, पण दक्षिणेकडून. सासूबाईंचं जेवण दुसऱ्या मुक्कामाला, तिथे झाडांची सावली आहे, त्यांना वाटीपेक्षा तेच आवडेल. रंग बदला म्हणजे झालं.

नाही, चहा नको आता. जागची उठतेय मी. ती तिसरी वही द्या इकडे. तीच. हो, मघाशी नको म्हटलं होतं, आता द्या. पान उलटू नका, मला सापडतं ते.

अर्ज? अर्ज असू दे इथेच. मी न्यायची नाही. त्यांना आधी वही दाखवायची, मग त्यांचं ते बघतील. अर्ज पुढे केला तर त्यांना वाटेल त्याच्यासाठी सांगतेय. मागितला तर वर येऊन घेतील, पायऱ्या अठराच आहेत. कचेरी समोरच आहे. तासभर आहे अजून. त्यांचं त्यांना ठरवू दे. चार वर्षांत त्यांनी काही ठरवलेलं नाही, एवढं तरी —

चिडले तर? चिडू देत. फार बरं होईल. चार वर्षांत ते कुणावर चिडले नाहीत हो, एकदासुद्धा नाही. आणि बोललेच नाहीत तर… तर मी तिथेच बसेन. मला काय, घरी कुणी वाट बघणारं नाही.

नाही, तुम्ही नका येऊ. तुम्ही चांगले आहात, पण तुम्ही नका येऊ. आणि आत्ता खाली पण उतरू नका, त्यांच्यासमोरूनच जावं लागतं, तुमच्या तोंडावर सगळं दिसेल त्यांना. इथेच बसा. मी वर येईपर्यंत बसा. नवा कप्तान आला तर सांगा, बाई कामात आहेत. दार मी ओढून घेते. फोन वाजला तर वाजू द्या.